औषधाचा रकाना : पागेतल्या साथीच्या नोंदी

९ सप्टेंबर, रात्री
सरदारने संध्याकाळची चंदी, म्हणजे घोड्याचं दाण्याचं खाणं, अर्धी टाकली. गव्हाणीत तोंड घालून नुसता उभा होता. नाक स्वच्छ, खोकला नाही, पोट नीट वाजतंय, लीदही व्यवस्थित. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस, म्हणाला, "ताई, कान गरम लागतायत." थर्मामीटर लावला तर १०२.८. मोठ्या निरोगी घोड्याचं तापमान ९९ ते १०१ च्या दरम्यान असतं.

सरदार आणि पारवा हे दोन घोडे ३ तारखेला स्पर्धेहून परतले. सरदारच्या मालकांना वाटतंय प्रवासाचा शीण असेल. पण परतून सहा दिवस झाले, मधले पाच दिवस घोडा उड्या मारत होता. आता कसला शीण? डॉक्टरांना सकाळी बोलावलंय. सरदारचं ठाण आजपासून कोणी उघडायचं नाही, मी आणि हा मोतद्दार सोडून.

१० सप्टेंबर
सकाळी सातला निरोप आला. त्याच स्पर्धेला आलेला एक घोडा मागच्या पायांनी लडखडतोय. निरोप वाचला आणि सगळ्या २१ घोड्यांचं तापमान घ्यायला लागलो. पारवा १०१.९. बाकीचे ठीक.

डॉक्टरांनी दोघांच्या नाकातून लांब काडीने नमुने घेतले आणि रक्तही घेतलं. संशय ईएचव्ही-१ चा, म्हणजे घोड्यांच्या हर्पिस विषाणूचा. दुपारी फाटक बंद केलं. आत येणं बंद, बाहेर जाणंही बंद. १३ मालक आहेत. त्यातल्या दोघांनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला की, माझा घोडा आजच दुसरीकडे हलवू का? नाही. तुमच्या घोड्याला आज ताप नसेल, पण विषाणू शिरल्यापासून ताप यायला साधारण २ ते १० दिवस लागतात. आज धडधाकट दिसणारा घोडा उद्या दुसऱ्या पागेत तापेल.

११ सप्टेंबर
कामाची आखणी. मागची रांग सगळ्यात निर्धोक, तिथे काजळ आहे, आठवा महिना चालू असलेली घोडी. तिथलं काम सगळ्यात आधी. मग पुढची रांग. मधली रांग शेवटी, कारण सरदार आणि पारवा तिथेच आहेत. मधल्या रांगेला एकच मोतद्दार, तो दुसऱ्या रांगेत पाऊल टाकणार नाही. त्याचे बूट, कपडे, खरारा, फावडं, घमेलं, सगळं वेगळं, सगळ्यावर लाल रंगाचा पट्टा.

दुपारभर स्वतः पागेत फिरले आणि एका घोड्याकडून दुसऱ्याकडे काय काय जातं ते पाहत बसले. मोहरक्या, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या दोऱ्या, एकाच खुंटीवर. एकच टॉवेल चार नाकं पुसायला. आणि पाण्याचा पाइप! पाइपचं तोंड बादलीत बुडवून पाणी भरायचं, मग तेच तोंड पुढच्या बादलीत. हे वर्षानुवर्षं चाललंय, मीही असंच केलंय. म्हणजे पहिल्या घोड्याच्या नाकातलं जे बादलीत पडलं, ते ओळीने सगळ्या बादल्यांत गेलं. पाइपच्या तोंडाला लाल फीत गुंडाळली आणि सांगितलं, फीत भिजली तर बादली ओतून पुन्हा धुवायची.

निर्जंतुक करायचं पाणीही नुसतं ओतून भागत नाही. लीद, गवत, माती असेल तर ब्लीच त्यातच संपून जातं. आधी साबणाने घासायचं, पाण्याने धुवायचं, मग एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी. मातीच्या भिंतीवर याचा उपयोग कमीच, पण बादल्या, गव्हाणी आणि दारांच्या कड्यांवर नक्की होतो. कड्या विसरल्या जातात. सगळ्यांचे हात तिथेच लागतात.

१२ सप्टेंबर
अहवाल आला. सरदार आणि पारवा दोघेही ईएचव्ही-१.

संध्याकाळी मालकांच्या बोलण्यातून सारखं एकच येत होतं : सरदारने आणला. सरदारचे मालक गप्प. मला हे सहन झालं नाही. डॉक्टरांना विचारून सगळ्यांना लिहून पाठवलं. हा विषाणू बहुतेक घोड्यांना शिंगरूपणीच गाठतो आणि मग जन्मभर मज्जातंतूंच्या गाठींत आणि लसिकाग्रंथींत झोपून राहतो. लांबचा प्रवास, नवी जागा, आईपासून तोडणं, असला ताण आला की तो जागा होतो, आणि कधी कधी घोड्याला स्वतःला काही न होता त्याच्या नाकातून बाहेर पडतो. कोणी आणला याचं उत्तर कोणालाच देता येणार नाही. आपल्याला आता एवढंच पाहायचंय की तो पुढे कुठे जातोय.

सरदारला ताप आणि सूज उतरवायला फ्लुनिक्सिन सुरू. डॉक्टरांनी बजावलंय : तापमान औषधाच्या आधी घ्या. औषधानंतर घेतलं तर ताप दबलेला दिसेल आणि आकडा काही सांगणार नाही. लिहून ठेवलं.

१३ सप्टेंबर
भिंतीवर तक्ता लावला. २१ घोडे, सकाळ आणि संध्याकाळ, आकडा निळ्या पेनने. १०१.५ च्या वर गेला की लाल. प्रत्येक रांगेला वेगळा थर्मामीटर. त्याला दोरा आणि दोऱ्याला चिमटा, चिमटा शेपटीच्या केसांना. नाहीतर तो लीदेबरोबर पेंढ्यात हरवतो, काल एक असाच हरवला.

सगळे निळे, सरदार आणि पारवा सोडून.

१४ सप्टेंबर
एका मालकाचा रागावलेला फोन. त्यांचा घोडा पुढच्या रांगेत आहे, ताप नाही, महिन्याअखेर स्पर्धा. एवढं सगळं कशासाठी? त्यांना ओग्डेनचं सांगितलं. अमेरिकेतल्या युटा राज्यात एप्रिल-मे २०११ मध्ये तिथे मोठी स्पर्धा झाली. कोणाला काही कळायच्या आत घोडे आपापल्या घरी गेले, वेगवेगळ्या राज्यांत. नंतर मोजले तेव्हा ९० घोड्यांत हा विषाणू सापडला आणि १३ गेले. २०२१ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या स्पर्धेतही तेच झालं. घोडे तिथून निघून दुसऱ्या देशांत पोचले, युरोपात १८ घोडे दगावले आणि कित्येक देशांतल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा ११ एप्रिलपर्यंत थांबवाव्या लागल्या.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी पेंढा पाठवतो. तुम्हाला आता जास्त लागेल." खरंच लागणार आहे.

१५ सप्टेंबर
सरदारचा ताप परवा रात्री उतरला होता. काल रात्री पुन्हा १०२.१. असा दुसऱ्यांदा चढणारा ताप चांगला नसतो हे वाचलं होतं. आज सकाळी ठाणातून वळताना मागचा डावा पाय उजव्यावर पडला. पुन्हा वळवला, पुन्हा तसंच. शेपूट हातात धरून उचलली तर एरवी तो दाबून धरतो, आज ती ओल्या दोरीसारखी वर आली. मांड्यांच्या आतल्या बाजूला ओलं, लघवी थेंब थेंब गळतेय.

विषाणू मज्जारज्जूच्या बारीक रक्तवाहिन्यांना सुजवतो, तिथलं रक्त अडतं आणि मग मागचं अंग ऐकेनासं होतं. डॉक्टरांनी व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू केलंय. मूत्राशय आपोआप रिकामं होत नाही, म्हणून नळी घालावी लागली. सरदार हलला नाही. मोतद्दाराने त्याचं कपाळ आपल्या खांद्याला टेकवून धरलं होतं आणि त्याच्याशी सबंध वेळ बोलत होता. काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं.

१६ सप्टेंबर
सरदार उभा आहे. मागच्या भिंतीला कुल्ला टेकवून. पेंढ्याचा थर गुडघ्याएवढा केला. चंदी आणि पाणी छातीएवढ्या उंचीवर बांधलं, म्हणजे मान खाली घालताना तोल जाणार नाही. उभा आहे तोवर आशा मोठी, असं डॉक्टर म्हणतात. खाली बसला आणि उठला नाही तर कठीण.

१७ सप्टेंबर
उभा आहे. आज तीन वेळा नळी.

१८ सप्टेंबर
मधल्या रांगेत दोन नवे लाल आकडे. १०२.४ आणि १०१.७. दोन्ही ठाणं पारव्याच्या पलीकडची. म्हणजे फाटक उघडण्याआधीची २१ दिवसांची मोजणी आजपासून पुन्हा. शेवटचा ताप किंवा शेवटची लक्षणं दिसल्यापासून २१ दिवस, असा आमचा डॉक्टरांशी ठरलेला हिशेब आहे. प्रत्येक नव्या तापाला मोजणी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. मालकांना हे सांगणं मला सगळ्यात जड जातं.

सरदारच्या दुसऱ्या बाजूला शेवंती आहे, २३ वर्षांची. तिची मला रोज धास्ती. म्हातारे घोडे, त्यातही घोड्या, मज्जारज्जूच्या त्रासाला जास्त बळी पडतात. पण तिचे आकडे तक्त्यावर सगळ्यात सुंदर आहेत. १००.२, १००.४, १००.१, १००.३. एकदासुद्धा १००.५ च्या वर नाही. आज तिच्या मालकांना, म्हणजे काकांना, मी स्वतः फोन करून सांगितलं, "काका, शेवंती सगळ्यांत भक्कम निघाली." त्यांचा आवाज भरून आला.

२० सप्टेंबर
काल संध्याकाळी शेवंती पाण्याला वळताना दाराच्या चौकटीवर आदळली. तापमान १००.४. रात्री अकराला ती मागच्या पायांवर कुत्र्यासारखी बसली. कशीबशी उठली. पहाटे चारला आडवी झाली ती उठलीच नाही.

सहा माणसं, पट्ट्या, छताच्या तुळईला कप्पी. दोनदा उचलली. पुढचे पाय धरतात, मागचे दोन्ही कापडासारखे दुमडतात. दर दोन तासांनी तिची कूस बदलतोय. डोळे शांत आहेत, कान आमच्याकडे वळतात, हातावरचं गवत खाते.

काकांना कालपर्यंत फाटकाबाहेर थांबवलं होतं. आज आत घेतलं. कपडे बदलून, बूट घालून, हात धुऊन. ते तिच्या मानेशी पेंढ्यात बसले.

२१ सप्टेंबर
दुपारी बाराला डॉक्टरांनी शेवंतीला कायमचं झोपवलं. काकांनी स्वतः सांगितलं, "आता पुरे."

२२ सप्टेंबर
हे सगळं नीट लिहायचंय.

काल संध्याकाळी मधल्या रांगेचं ठाण साफ करताना चंदीच्या फळीवर दोन कागदी पुड्या सापडल्या. काकांच्या अक्षरात एकीवर 'शनिवार', दुसरीवर 'रविवार'. मोतद्दाराला विचारलं. तो म्हणाला, "ताई, ही तिची गुडघ्याची पूड. काका दर आठवड्याला सात पुड्या बांधून देतात. मी रोज सकाळच्या चंदीत घालतो." फाटक बंद झाल्यावरही काका पुड्या फाटकावर देऊन जात होते, निर्जंतुक केलेल्या डब्यात, नियमाप्रमाणे.

फिनाइलब्युटाझोन. सांधे दुखू नयेत म्हणून. चार वर्षं चालू आहे. वेदना कमी करतं आणि तापही उतरवतं.

मी १२ तारखेची माझीच नोंद काढून वाचली. सरदारसाठी तेव्हाच लिहिलं होतं की औषधानंतरचा आकडा काही सांगत नाही. आणि त्याच्या शेजारच्या ठाणात दहा दिवस मी औषधानंतरचेच आकडे निळ्या पेनने लिहीत होते आणि त्यांना सुंदर म्हणत होते. शेवंतीचा नमुनाही आपण घेतला नव्हता, कारण ताप नव्हता. आज तिच्या रक्ताचा अहवाल आला, विषाणू आहे.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ताप दिसला असता तरी ती वाचलीच असती असं कोणी म्हणू शकत नाही. तिचं वय, तिचा सांधा. ते खरं असेल. पण ताप दिसला असता तर विषाणूविरोधी औषध काही दिवस आधी सुरू झालं असतं, आणि तिच्या बादलीला, तिच्या मोहरकीला आपण वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. काकांची चूक नाही. त्यांनी काहीच लपवलं नाही, पुड्या फळीवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही. तक्त्यात तो प्रश्नच नव्हता.

आज तक्त्यात नवा रकाना काढला : औषध. नाव, किती वाजता, कशासाठी. मालक, मोतद्दार, नालबंद, सगळ्यांना पुन्हा विचारलं की तुमच्या घोड्याला सांध्याचं, पोटाचं, खुराचं काही चालू आहे का. आणखी दोन निघाले. एकाला कालपासून लंगडतो म्हणून तेच औषध दिलेलं, दुसऱ्याला सर्दीची म्हणून कुठलीशी पूड. दोघांचे नमुने लगेच पाठवले, औषध थांबवलं, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं अंतर ठेवूनच तापमान घेणार.

काकांना फोन करायचा होता. दोनदा नंबर काढला. तिसऱ्यांदा केला. मी रकान्याचं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, बाकीच्यांनाही कळवा. दुसऱ्या पागांनाही." त्यांच्या परवानगीने चार पागांना कळवलं, शेवंतीच्या आकड्यांसकट.

२४ सप्टेंबर
ज्याला लंगडण्याचं औषध दिलं होतं, तो आज १०२.२. औषध थांबवल्यावर दोन दिवसांनी. नमुन्यातही विषाणू. रकाना नसता तर हाही निळाच राहिला असता.

पारवा पाच दिवस स्वच्छ. सरदार आज आपोआप मुतला! भरपूर. मोतद्दार धावत सांगायला आला, लाल पट्ट्याच्या बुटांनीच, मधली रांग ओलांडून. मग स्वतःच दारात थबकला आणि मागे फिरला. मी लांबूनच हात वर केला.

२७ सप्टेंबर
नवा ताप नाही. नळी काढली.

१ ऑक्टोबर
घोडे कंटाळलेत. दहा पावलांच्या ठाणात तीन आठवडे. एक जण दाराची फळी चावतोय, दुसरा डावी-उजवीकडे डोलत राहतो. पुढच्या आणि मागच्या रांगेतल्यांना एकेकाला हाताने धरून चालवायला सुरुवात केली. एका वेळी एकच, आणि मधल्या रांगेसमोरून नाही. काजळला दिवसातून दोनदा, हळू.

नालबंद येऊ शकत नाही. तो दिवसाला पाच पागा फिरतो, त्यालाही नको आणि आपल्यालाही. एकाचा नाल सैल झालाय, डॉक्टरांच्या मदतीने काढून टाकला आणि खूर कापडाने बांधला.

६ ऑक्टोबर
एका मालकाने विचारलं, लस दिलेली असतानाही कसं झालं? त्याचं उत्तर इथेही असू दे. ईएचव्ही-१ ची लस सर्दी-खोकला आणि गर्भपात यांच्यासाठी आहे. नाकातून पडणारा विषाणू ती कमी करते, ते महत्त्वाचंच आहे. पण मज्जारज्जूचा आजार ती थांबवते असा दावा कोणतीही लस करत नाही. लस घेतलेल्या घोड्याचंही तापमान दोनदा.

१४ ऑक्टोबर
मधल्या रांगेतल्या सगळ्यांचे नमुने परवा पाठवले होते. सगळे विषाणूमुक्त.

१५ ऑक्टोबर
शेवटच्या तापाला २१ दिवस. सकाळी फाटक उघडलं.

सरदारला शेवटी बाहेर काढलं, मोतद्दार मोहरकी धरून, मी शेपटीकडे. मागचा डावा पाय अजून किंचित बाहेर पडतो, वळताना. सरळ चालताना नाही. मातीत पोचल्यावर तो थांबला, खाली वास घेतला, आणि हळूच, फार काळजीपूर्वक गुडघे टेकून लोळला. आम्ही दोघे श्वास धरून. मग उठला. एका दमात.

शेवंतीचं ठाण धुऊन, वाळवून मोकळं ठेवलंय. काकांनी विचारलं नाही, मीही नाही.

१८ ऑक्टोबर
फाटक उघडलं तरी काजळची नोंद चालूच. हा विषाणू घोडीला शिवून गेला असेल तर गर्भपात लगेच होईलच असं नाही, कित्येक आठवड्यांनीही होतो, आणि आधी काही लक्षण दिसेलच असंही नाही. ती मागच्या रांगेत होती, तिचा एकही आकडा लाल नाही, नमुना स्वच्छ, पाचव्या आणि सातव्या महिन्याची लस झालेली. तरीही विण्यापर्यंत ती वेगळीच राहील, आणि काही पडलंच तर कोणी हात लावायचा नाही, पेंढ्यासकट झाकून डॉक्टरांना बोलवायचं. सूचना तिच्या दारावर चिकटवली आहे.

आज सकाळी १००.०, संध्याकाळी १००.२. औषध : काही नाही. पोटावर हात ठेवला तेव्हा आतून दोनदा लाथ बसली.